शिवणबाईंचं न्हाणीघर

लुर्दीनबाई वर्गात शिरल्या की आधी त्यांची टेप दिसायची, मग बाई. शिंप्याची पिवळी टेप, कडेला झिजलेली, आकडे पुसट झालेले. ती गळ्यात टाकूनच त्या प्रार्थनेला उभ्या राहायच्या, ती गळ्यात ठेवूनच डबा खायच्या. आमच्या किनाऱ्यावरच्या हायस्कुलात त्या मुलींना शिवण शिकवायच्या आणि मी मराठी. बांधा ठेंगणा, रुंद. आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगी सुईत दोरा ओवायचं सोडून ताठ बसे.

समोरच्या माणसाचं माप डोळ्यांनी घ्यायची त्यांना सवयच होती. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारायच्या आधी सांगितलं, "तुझा डावा खांदा खाली गेलाय. पिशवी उद्यापासून उजव्या खांद्याला." शाळेत त्या शुद्ध मराठी बोलत. राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणी सुरू.

मुलींना त्यांची भीती वाटायची ती एकाच शब्दाची. उसव. बाही तिरकी लागली, उसव. काजं वरखाली झाली, उसव. एका स्नेहसंमेलनाला रंगमंचाचा पडदा शिवून झाला आणि टांगल्यावर तो एका बाजूला चार बोटं आखूड निघाला. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या बाई, लांबून कुणाला कळतंय?" बाई स्टुलावर चढल्या, पडदा उतरवला आणि तिथेच मांडी घालून उसवायला बसल्या. मी शेजारी बसून दोरे ओढत होते. म्हणाल्या, "उसवूक लाज कसली गो? चुकीचा घालून फिरूक लाज."

शाळेच्या मागच्या वाटेवर त्यांचं घर होतं आणि त्यांच्या कुंपणाला लागून माझी भाड्याची खोली. घर जांभ्या दगडाचं, नळ्यांच्या छपराचं. निजायच्या खोलीशेजारच्या खोलीत आल्तार, म्हणजे मागच्या भिंतीशी मेरीमातेची मूर्ती, मेणबत्त्या, कागदाची फुलं. मुलगी लग्न होऊन दोडामार्गाला गेलेली. घरात बाई आणि त्यांचे यजमान सांतानबाब.

सांतानबाबांची सगळी उमर बोटीवर गेली होती. मालवाहू बोटींवर खलाशांचे ते मुकादम. उंच, खांदे दारात न मावणारे. सुट्टीवर आले की बंदरावर पोरांना दोरखंडाच्या गाठी शिकवायचे. कायमचे घरी परतले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा झाला, जिभेवर शब्द अडखळायला लागले. इस्पितळातून आले ते चार पायांचा वॉकर धरून.

आमच्याकडे तेव्हा घरोघरी असायचा तसा त्यांचा संडास घरामागच्या परड्याच्या पार टोकाला होता, माडांच्या पलीकडे, तीन दगडी पायऱ्या उतरून. आंघोळीची न्हाणी मागच्या पडवीच्या बाहेर. दोन्हीकडे जायला सांतानबाबांना कुणीतरी धरून न्यावं लागे. बाई न्यायच्या. शाळेच्या वेळात शेजारचा बाबल यायचा. हा बाबल होडीवाला, सांतानबाबांचा लहानपणापासूनचा सोबती, अंगानं पिंपासारखा. एकदा पायरीवर तो आणि सांतानबाब दोघेही घसरले. लागलं फारसं नाही, पण वाटेवरून चाललेल्या बायकांनी ते पाहिलं. त्यानंतर सांतानबाब कुणाशी बोलेनासे झाले.

काही दिवसांनी त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, हे पाणीच पीत नाहीत, असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील. बाईंना पटेना. पाण्याचा तांब्या, चहाचा कप, पेजेचं भांडं, सगळं त्यांच्या हातून रिकामं परत येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी नेलं. सांतानबाबांच्या खुर्चीशेजारी, खिडकीबाहेर, क्रोटनची कुंडी होती. तिच्यातली माती चिखल झाली होती आणि वर चहाची साय वाळून बसली होती.

मला वाटलं, आता बाई आत जाऊन नवऱ्याला फैलावर घेतील. त्या कुंडीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तेका तान लागता," त्या म्हणाल्या. "पण लाज तानेपेक्षा मोठी."

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं. निजायच्या खोलीची मागची खिडकी रुंद होती. तिच्याखालची भिंत काढली की दार होणार होतं, आणि दारापलीकडे नवी खोली बांधायची होती, संडास आणि न्हाणी एकत्र. सांतानबाबांना खाटेवरून उठून कुणाचाही हात न धरता जाता यावं, इतकंच.

दिवाळी नुकतीच झाली होती. चांगले गवंडी सगळे गोव्याला कामावर गेलेले. एकजण दोन दिवसांसाठी घरी आला होता, तो येऊन जागा बघून गेला. "शिमग्याक येतंय बाई, तेव्हा बघूया."

"तवसर माझो घोव पाण्याशिवाय रवतलो काय?" बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

गवंडी हसला. "मगे तुमीच बांधा."

"बांधतंय," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला 'दे अर्धा किलो' म्हणावं तसं म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्या घरी आल्याच नाहीत. वळणावर कुणाच्या तरी बंगल्याचं काम चाललं होतं, मालकानं बाहेरून आणलेल्या माणसांचं; ती दुसरं काम घेत नसत. तिथे जांभ्याच्या एका चिऱ्यावर छत्री उघडून बाई बसल्या होत्या, चर्चच्या चांगल्या कपड्यांत, सिनेमा बघावा तशा. चिरा कसा भिजवतात, दोरी कशी लावतात, ओळंबा कुठून सोडतात, हे पाहत होत्या. मधूनच उठून विचारत होत्या. कामगारांनी त्यांना चहासुद्धा दिला.

मुलींना त्या नव्या कापडाला कधी हात लावू देत नसत. आधी चिंधीवर शिवायचं. तोच नियम त्यांनी स्वतःला लावला आणि पहिल्यांदा कोंबड्यांचं खुराडं बांधलं. पहिलं कोसळलं. दुसरं उभं राहिलं, पण दाराशी वाकडं. तिसरं असं झालं की बाबल म्हणाला, "बाई, ह्यां माकाच भाड्यान देवा." कोंबड्यांना जांभ्या दगडाचा महाल मिळाला आणि बाईंचा हात बसला.

मग एका सकाळी त्यांनी घरापुढच्या खळ्यात चुन्याच्या रेघा ओढल्या. नवी खोली, खरोखरीच्या मापाची. इथे दार, इथे कमोड, इथे नळ. कमोडच्या जागी स्वयंपाकघरातलं स्टूल. मग ओढणीनं स्वतःचा उजवा हात कमरेला बांधून घेतला, उजवा पाय ताठ धरला आणि वॉकर घेऊन त्या चुन्याच्या दारातून आत शिरल्या. वॉकर रेघेवर आला. "दार अरुंद," त्यांनी मला सांगितलं आणि मी रेघ पुसून नवी ओढली. परत शिरल्या. वळताना तोल गेला आणि धप्पकन खाली बसल्या. मी धावले तर मलाच ओरडल्या, "थांब! मी खंय पडलंय तां बघ आधी!" त्या दाराच्या रेघेवर पडल्या होत्या. दार आत उघडणारं असतं तर आतून अडकलं असतं. "भायर उघडणारा दार व्हया," असं म्हणून त्या उठल्या.

सांतानबाब हे सगळं खिडकीतून बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. बाई स्टुलावर बसल्या आणि डाव्या हातानं, भिंतीत बसवायच्या, अजून नसलेल्या दांड्याला धरून, उठायचं सोंग करायला लागल्या. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. अडखळत, अर्धे शब्द गिळत.

"लांब... लांब आसा. दांडो गावाचो नाय माका."

बाई तशाच थांबल्या. कित्येक आठवड्यांनी तो आवाज घरात ऐकू आला होता.

"आता सांगतंस?" त्या म्हणाल्या. "मगे कितको जवळ?"

सांतानबाबांनी डावा हात पुढे केला. बाई स्टूल सरकवत गेल्या, ते मान हलवत गेले. शेवटी मान थांबली. बाईंनी तिथे चुन्याची फुली मारली. त्या दिवसापासून ते बांधकाम दोघांचं झालं.

काम खरं सुरू झाल्यावर बाबल सकाळी होडी लागली की येई. पाया खणणं, चिरे उचलणं त्याचं. रचणं, दोरी, ओळंबा बाईंचं. मी शाळा सुटल्यावर पाणी आणायचे, सिमेंट कालवायचे. सांतानबाब खिडकीशी. नाताळच्या सुट्टीत भिंती खांद्यापर्यंत आल्या, तेव्हा बाईंनी ओळंबा सोडला आणि तोंड वाकडं केलं. समुद्राकडच्या भिंतीला मध्येच पोट आलं होतं.

"गिलावो मारलो काय दिसाचा नाय," बाबल म्हणाला.

"माका दिसतला."

"पण बाई, कोण बघूक येतलो?"

बाईंनी थापी उचलली आणि सर्वांत वरच्या चिऱ्याच्या खाली घातली. भिंत कमरेपर्यंत उसवली गेली. बाबल सांतानबाबांकडे बघून म्हणाला, "तू बोटीर कित्याक पळालंस, तां आता माका कळला." सांतानबाब हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले.

मोठं भांडण झालं ते दांड्यावरून. पास्कूबाब म्हणजे सांतानबाबांचे थोरले भाऊ. देवभोळे, तापट, वाडीत शब्दाला वजन. त्यांना आधीच हे पटलेलं नव्हतं. एक दिवस ते आले तेव्हा बाई जुन्या भिंतीला भोकं पाडत होत्या. नव्या खोलीची एक बाजू म्हणजे घराचीच मागची भिंत, आणि तिच्या पलीकडे आल्तार. कमोड त्या भिंतीशी, धरायचा लोखंडी दांडा त्याच भिंतीत.

"घराच्या पोटात संडास?" पास्कूबाब ओरडले. "आनी तोय आल्ताराच्या भिंतीक लागान? लाज आसा काय तुमका? थंय, समुद्राच्या बाजूक लाव तां सगळा."

बाईंनी हत्यार खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"पास्कूबाब, माणसाक पोट देवानच दिला. तेका सगळा ठावक आसा."

"माका शिकवू नको."

"शिकवणंय नाय. नवी भिंत माझी. माका ती बरी वाटता, पण तुमच्या भावाचो भार तिका पेलाचो नाय. ही भिंत तुमच्या बापाशीची. दांडो हिच्यातच बसतलो, आरपार, आनी पलीकडसून चाकी लावन आवळतलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सांतान हडेसून धरतलो. थडेसून देव धरतलो. तुमका काय वायट दिसता तेच्यात?"

पास्कूबाब उभेच राहिले. खिडकीतून भाऊ त्यांच्याकडे बघत होता. ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाई आल्ताराच्या बाजूनं बोल्टच्या चाक्या आवळत होत्या, तेव्हा पास्कूबाब आले, त्यांच्या हातातला पाना घेतला आणि स्वतः आवळू लागले. भिंतीबाहेर आलेल्या बोल्टच्या टोकावर त्यांनी जाताना आपली जपमाळ अडकवली.

दांडा मजबूत आहे की नाही हे ठरवायला बाबलला त्याला लोंबकळायला सांगण्यात आलं. "पाय वर घी," बाई म्हणाल्या. तो लोंबकळला. दांडा हलला नाही. बाई म्हणाल्या, "आता नाच." तो नाचलाही.

लाद्या आणायला मी बाईंबरोबर कुडाळला गेले. दुकानदारानं आरशासारख्या चकचकीत, निळ्या फुलांच्या लाद्या काढून ठेवल्या. बाईंनी पेलाभर पाणी मागितलं. त्याला वाटलं उन्हातून आल्यात. त्यानं पाणी दिलं, ते बाईंनी लादीवर ओतलं, चप्पल काढली आणि माझा खांदा धरून वर उभ्या राहिल्या. पाय सर्रकन गेला. त्यांनी दुसरी लादी मागितली, तिच्यावरही पाणी. दुकानात तळं झालं, नोकर फडकं घेऊन धावायला लागला. शेवटी कोपऱ्यात रचलेल्या मातकट, खरबरीत लाद्यांवर त्यांचा पाय थांबला.

"बाई, ह्यो पार्किंगात घालतत. न्हाणीत नाय," दुकानदार म्हणाला.

"मगे बरां. माकाय घोवाक पार्कच करूचो आसा."

दुकानदार हसून खुर्चीत बसला. परतीच्या एसटीत ओझर ओलांडल्यावर बाई म्हणाल्या, "इतकं सगळं करून तो गेलाच नाही तर काय करू?" शुद्ध मराठीत म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी असा प्रश्न एकदाच विचारला. उत्तरही त्यांनीच दिलं: "जातलो. फुली तेनाच दाखवल्यान."

दाराला आतून कडी हवी की नको यावरही चर्चा झाली. पास्कूबाब, बाबल, मी, सगळे म्हणत होतो की नको, आत काही झालं तर? बाई म्हणाल्या, कडी नसलेल्या दारामागे माणूस एकटा नसतो. कडी लागली, डाव्या हाताला सापडेल अशी. मला त्यांनी हळूच दाखवलं की दार बाहेर उघडत असल्यामुळे बिजागऱ्या बाहेर होत्या. त्यांच्या खिळी बाहेरून काढता येत होत्या. "ह्यां तेका सांगू नको."

आणि तो दिवस आला. शिमग्याच्या आधीचा एक रविवार, चर्च सुटल्यानंतरचा. पास्कूबाब आले होते, बाबल होता. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सांतानबाब खाटेवरून उठले, वॉकर धरला, नव्या दारापर्यंत गेले. उंबरठा नव्हताच. आत शिरले. दार ओढलं गेलं. कडी लागली.

आम्ही चौघं पलीकडच्या खोलीत. बाईंनी झबलं शिवायला घेतलं, मुलीला दिवस गेले होते. आतून काही आवाज नव्हता. मग वॉकर आपटल्याचा आवाज झाला, आणि परत काही नाही. वेळ जात राहिला. पास्कूबाब उठले, "हाक तरी मार." बाईंनी नाही म्हणून मान हलवली. बाबल दाराकडे निघाला. "बस," बाई म्हणाल्या. त्या मान खाली घालून टाके घालत होत्या. मी पाहिलं, सुईत दोराच नव्हता. आणि मांडीवरच्या कापडाखालून पक्कड डोकावत होती.

"लुर्दीन, माझो भाव आसा आत," पास्कूबाब म्हणाले.

"माझो घोव आसा," बाई म्हणाल्या. "तेका हाक मारूची नाय."

तेवढ्यात नळ सुटल्याचा आवाज आला. बादली भरली. पाणी ओतल्याचा आवाज, मग पुन्हा, मग पुन्हा. बाबल तोंडाला पंचा लावून बसला. बाईंनी पक्कड हळूच खुर्चीखाली सरकवली.

कडी निघाली. सांतानबाब बाहेर आले. केस ओले, डाव्या हातानं भांग पाडलेला, सदरा उलटा घातलेला. ते नुसते जाऊन आले नव्हते, आंघोळ करून आले होते. आम्हा सगळ्यांना तिथे बसलेलं पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

"साबणाची फळी," ते सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "उंच झाली."

"उद्या खाली करतंय," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पाण्याचा तांब्या होता. सांतानबाबांनी तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि परत पुढे धरला.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. खळ्यात खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून चहा पाजायचे आणि स्वतःही प्यायचे. पाहुणे आले की त्यांना नवी खोली दाखवायचे, चाचपडत्या शब्दांत, खलाशानं आपली बोट दाखवावी तशी. पास्कूबाबांचे गुडघे धरले तेव्हा ते 'भावाक बघूक' रोज सकाळी यायला लागले. खांद्यावर टॉवेल असायचा.

सांतानबाब गेले तेव्हा मी बदली होऊन कणकवलीला होते. भेटायला गेले तर बाई दारातच उभ्या होत्या. रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या दिवशीसुद्धा स्वतः आंघोळ करून झोपले." एवढंच सांगितलं. पण दोनदा सांगितलं.

निवृत्तीनंतर त्या घरी बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. कुणाची सासू घसरली, कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, की माणसं बाईंना बोलवायला यायची. बाई जायच्या, आधी त्या म्हाताऱ्या माणसाशी बसून बोलायच्या, मग घराकडे बघायच्या. पुढेपुढे गवंडी परत यायला लागले, तेही त्यांच्या हाताखाली काम करायला तयार असत. शिव्या खायची तयारी मात्र लागायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वालावलला. पाहुण्यांना घेऊन लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेले होते. परतताना एका घराच्या बाजूला वाळूचा ढीग दिसला आणि घरामागून बाईंचा तो आवाज आला. मी पाहुण्यांना थांबवून आत शिरले. आमच्याच शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सासर ते. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या अंगणात खुर्चीवर बसून कामाकडे बघत होत्या, सूचनाही देत होत्या.

नव्या न्हाणीच्या जमिनीवर बाई उकिडव्या बसल्या होत्या. साडीवर कुणातरी पुरुषमाणसाचा जुना सदरा, केस पूर्ण पांढरे, कोपरापर्यंत सिमेंट. शेजारी पाण्याची बादली. मी दारात उभी राहिले.

"बाई," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं, चेहरा उजळला. पण हात बादलीतच होता.

"ये गो. बाजूक सर आधी, उजेड अडता."

मी सरले. त्यांनी तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतलं आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बघत राहिल्या. पाणी क्षणभर थबकलं, मग लादीवरून पसरत, कुठेही न साचता, सगळंच्या सगळं मोरीच्या तोंडाशी गेलं.

"बघलंस? कसां गेला तां!" असं म्हणून त्यांनी तांब्या पुन्हा बुडवला आणि गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाल्या.